डॉक्टरकीच्या वाटेवरील पहिला मुक्काम

अमेरिकेत स्थायिक झालेल्या जैन घरांना एप्रिल महिना जड जातो. मार्चअखेरपर्यंत विद्यापीठांची प्रवेशपत्रे येतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. मधल्या महिन्याभरात घराला चार वर्षांचा आणि कित्येकदा पुढच्या वीस वर्षांचा व्यवहार ठरवावा लागतो. मुलीला किंवा मुलाला डॉक्टर व्हायचे असेल, तर हा व्यवहार भारतातील नातेवाइकांना समजावून सांगणे अधिकच अवघड होते.

असे एक घर कल्पावे. आजोबांची सांगलीच्या मार्केट यार्डात अडत पेढी आहे. मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला. न्यू जर्सीतील एडिसन गावी त्याचे किराणा मालाचे दुकान आहे. नात बारावीला आहे आणि २०२६च्या शरद ऋतूत ती विद्यापीठात जाणार आहे. तिला दोन प्रवेशपत्रे आली आहेत. एक आहे नावाजलेल्या खासगी विद्यापीठाचे. ते नाव घेतले की मंदिरातील मंडळी मागे वळून पाहतात. दुसरे आहे रटगर्सचे, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचे, जे घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. आजी म्हणते, मोठे नाव ते घ्या. आजोबा काही बोलत नाहीत. रविवारच्या फोनवर ते मुलाला एकच प्रश्न विचारतात, “मुद्दल किती, व्याज किती, आणि माल हातात कधी येणार?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी तिकडची रीत आधी समजून घ्यावी लागते. भारतात बारावीनंतर नीट दिली आणि गुण मिळाले, की विद्यार्थी थेट एमबीबीएसला बसतो. अमेरिकेत तसे नाही. तिथे प्रथम चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि त्यानंतर शाखेनुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. नातीपुढे आज जी प्रवेशपत्रे आहेत, ती पहिल्या चार वर्षांची आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचा दरवाजा अजून चार वर्षे दूर आहे आणि तो उघडेलच याची हमी कोणतेही विद्यापीठ देत नाही. अलीकडच्या वर्षांत एम.डी. पदवीच्या महाविद्यालयांकडे दरवर्षी सुमारे ५२ हजार उमेदवार अर्ज करतात आणि त्यांतील सुमारे २३ हजार प्रत्यक्ष प्रवेश घेतात. अर्जापर्यंत पोहोचण्याआधीच ज्यांनी वाट बदलली, ते या आकड्यांत नाहीत. अठराव्या वर्षी ‘मला डॉक्टर व्हायचे आहे’ म्हणणारी पुष्कळ मुले सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्षात वेगळा विचार करू लागतात, आणि त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही.

म्हणजे आजोबांच्या भाषेत सांगायचे, तर हा माल अकरा ते पंधरा वर्षांनी हाती येणार आहे. पहिल्या चार वर्षांत तो येईलच याची खात्री नाही, आणि सर्वांत मोठा खर्च मधल्या चार वर्षांत आहे. अशा व्यवहारात अनुभवी व्यापारी पहिल्याच खेपेला सगळे भांडवल गुंतवीत नाही.

आता आकडे. खासगी विद्यापीठात शिकवणी, राहणे, जेवण, पुस्तके मिळून वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो. या घराला त्या विद्यापीठाने वर्षाला २० हजारांची मदत देऊ केली आहे असे धरले, तरी उरतात ७० हजार; चार वर्षांचे २ लाख ८० हजार. रटगर्सची राज्यातील विद्यार्थ्यांसाठीची शिकवणी व फी वर्षाला सुमारे १८ हजार डॉलर आहे. मुलगी घरी राहिली, तर पुस्तके, गाडीचा खर्च, विमा वगैरे धरून वर्षाला २४ हजारांत भागते. चार वर्षांचे ९६ हजार. मुलाने दुकानातून बाजूला काढून मुलीच्या शिक्षणासाठी १ लाख २० हजार साठविले आहेत. रटगर्सला गेल्यास २४ हजार शिल्लक राहतात आणि कर्ज एक डॉलरचेही होत नाही.

खासगी विद्यापीठासाठी १ लाख ६० हजार कमी पडतात. विद्यार्थिनीला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज चार वर्षांत २७ हजारांपर्यंत मिळते. पूर्वी उरलेली सगळी रक्कम आईवडिलांच्या नावावर सरकारी कर्ज काढून भागविता येत असे. ४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत जो मोठा कायदा झाला, त्याने ही वाट अरुंद केली. १ जुलै २०२६ पासून आईवडिलांना एका अपत्यासाठी वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार डॉलर एवढेच कर्ज मिळेल. २७ आणि ६५ मिळून झाले ९२ हजार. उरलेल्या ६८ हजारांसाठी खासगी बँकेचे दार वाजवावे लागेल, बहुधा वडिलांच्या सहीने. आईवडिलांच्या सरकारी कर्जाचा व्याजदर २०२५-२६ या वर्षासाठी ८.९४ टक्के होता. त्या दराने ६५ हजारांवर एका वर्षाचे व्याज सुमारे ५,८०० डॉलर होते. मुलगी तेव्हा अजून वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज भरीत असेल.

परंतु खरी अडचण याच्या पुढची आहे, आणि घरातल्या चर्चेत नेमकी तीच सुटून जाते. त्याच कायद्याने वैद्यकीय शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जालाही मर्यादा घातली. पूर्वी वैद्यकीय विद्यार्थी ग्रॅड प्लस नावाच्या योजनेतून शिक्षणाचा संपूर्ण खर्च कर्जाने भागवू शकत असे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ती योजना बंद होत आहे. त्यापुढे वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर, एवढेच. आणि वैद्यकीय शिक्षणाचा चार वर्षांचा खर्च? सरकारी महाविद्यालयात साधारण अडीच ते तीन लाख, खासगीत साडेतीन ते चार लाख. म्हणजे सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली, तरी ५० हजार ते १ लाखाची तूट घराने भरून काढायची आहे. खासगीत ती दीड ते दोन लाखांवर जाते.

ही तूट कोण भरणार? ज्या घराने पहिल्या मुक्कामावरच साठवण संपविली, आईवडिलांच्या नावावरचे कर्ज संपविले आणि खासगी बँकेचाही पत-विश्वास वापरून टाकला, त्या घराकडे दुसऱ्या मुक्कामावर काय शिल्लक असेल? दुकान गहाण टाकणे, नाही तर सांगलीची जमीन. आजोबा गप्प होते ते यासाठी. त्यांना अमेरिकेचा कायदा ठाऊक नव्हता. पण सुगीच्या आधीच सगळी उचल घेणाऱ्या शेतकऱ्याचे काय होते, हे त्यांनी पन्नास वर्षे पाहिले आहे.

यावर मुलीचा आक्षेप योग्यच असतो. तिने चार वर्षे रात्रंदिवस अभ्यास केला तो घराजवळच्या कॉलेजात जाण्यासाठी नव्हे, असे तिला वाटते. मोठ्या नावाच्या विद्यापीठातून मेडिकलला जाणे सोपे होईल, असेही तिने ऐकलेले असते. पहिले वाटणे मनाचे आहे आणि त्याला घराने मान द्यावा. ते पैशाच्या एका वाक्याने उडवून लावू नये. दुसरे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

वैद्यकीय महाविद्यालये अर्जात प्रथम दोन गोष्टी पाहतात. एक, चार वर्षांची सरासरी श्रेणी. प्रवेश मिळविणाऱ्यांची ती ४ पैकी ३.७च्या पुढे असते. दुसरी, एमकॅट ही सर्वांसाठी सारखी असलेली प्रवेश परीक्षा. तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मोजले जातात आणि प्रवेश मिळविणाऱ्यांची सरासरी ५११-५१२च्या घरात असते. त्यापुढे रुग्णालयातील सेवा, डॉक्टरांसोबत राहून घेतलेला अनुभव, संशोधन, शिफारसपत्रे आणि मुलाखत. जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायनशास्त्र हे लागणारे विषय प्रत्येक बऱ्या विद्यापीठात शिकविले जातात, आणि पदवीचा मुख्य विषय कोणताही चालतो. विद्यापीठाचे नाव काही नामांकित महाविद्यालयांत वजन टाकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ३.४ सरासरी झाकण्याइतके वजन त्या नावात नसते. खासगी विद्यापीठात देशभरातील हुशार मुलांच्या स्पर्धेत श्रेणी घसरली, तर ते नाव घराला फार महाग पडते.

काही विद्यापीठे जाहिरातीत सांगतात की, त्यांच्याकडील एवढे टक्के विद्यार्थी मेडिकलला लागतात. हा आकडा व्यापाऱ्याने मापात धरून पाहावा. कित्येक ठिकाणी विद्यापीठाची समितीच अर्जदाराला शिफारसपत्र देते, आणि कच्च्या विद्यार्थ्याला ती आधीच थांबविते किंवा निरुत्साहित करते. चाळणीतून खाली पडलेले दाणे वजनात धरलेच नाहीत, तर वरचा माल उत्तमच दिसणार. विचारायचे ते असे: पहिल्या वर्षी किती जणांनी हा मार्ग धरला आणि त्यांतील किती जणांनी अर्ज केला?

रटगर्सचेही उणेपण सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात शेकडो मुले असतात आणि प्राध्यापक मुलीला नावाने ओळखणार नाहीत. शिफारसपत्र हवे असेल, तर तिला स्वतः उठून त्यांच्या खोलीपर्यंत जावे लागेल, प्रयोगशाळेत काम मागावे लागेल. भिडस्त मुलीसाठी हे सोपे नाही. उलट बाजूने पाहता, न्यू ब्रन्सविकमध्ये विद्यापीठाला लागूनच रॉबर्ट वूड जॉन्सन विद्यापीठ रुग्णालय आहे आणि वैद्यकीय मार्गाच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचे स्वतंत्र मार्गदर्शन कार्यालय आहे. रुग्णालय जवळ नसलेल्या निसर्गरम्य खासगी कॉलेजात सेवेचे तास भरण्यासाठी मुलांना तासतासभर गाडी हाकावी लागते, ही गोष्ट माहितीपत्रकातील छायाचित्रांत दिसत नाही.

आणखीही एक लाभ आहे, ज्याचा विचार फार कमी घरे करतात. अमेरिकेतील राज्य सरकारांची वैद्यकीय महाविद्यालये आपल्या राज्यातील रहिवाशांना झुकते माप देतात. नॉर्थ कॅरोलिनातील ब्रॉडी हे महाविद्यालय तर केवळ त्याच राज्यातील रहिवाशांना घेते. मुलीचे घर आणि कर भरणे ज्या राज्यात आहे, ते राज्य तिचे बलस्थान आहे. ते विचार न करता सोडू नये.

इथे एक गोष्ट उलट दिशेनेही सांगावी लागते, कारण ‘सरकारी ते स्वस्त, खासगी ते महाग’ हे समीकरण नेहमी खरे नसते. छापील किंमत आणि प्रत्यक्ष द्यावी लागणारी किंमत यांत अमेरिकेत फार अंतर असते. २०२५-२६ पासून प्रिन्स्टन विद्यापीठात वर्षाला दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना काहीच द्यावे लागत नाही आणि अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेकांना शिकवणी माफ असते. हार्वर्डनेही त्याच वर्षापासून दोन लाखांपर्यंतच्या घरांना शिकवणी माफ केली आहे. अशा ठिकाणी प्रवेश मिळाला, तर ते रटगर्सपेक्षाही स्वस्त पडू शकते. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्च काढण्याचे गणकयंत्र ठेवलेच पाहिजे, असा तिकडचा नियम आहे. अर्ज करण्यापूर्वी, म्हणजे अकरावीतच, ते भरून पाहावे. प्रवेशपत्र हाती आल्यावर हिशेब मांडणे म्हणजे माल उतरवून घेतल्यावर भाव विचारणे.

दुकानदारांसाठी मात्र या गणितात एक मेख आहे. सरकारी मदतीच्या अर्जात, ज्याला फाफ्सा म्हणतात, शंभरपर्यंत पूर्णवेळ नोकर असलेल्या कौटुंबिक धंद्याची मालमत्ता २०२६-२७ पासून पुन्हा धरली जाणार नाही. मधली दोन वर्षे ती धरली जात होती आणि अनेक दुकानदारांना त्याचा फटका बसला. पण पुष्कळ खासगी विद्यापीठे याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा अर्ज मागतात. त्यात दुकानातील माल, इमारत, धंद्याची शिल्लक सगळे विचारले जाते. पगारदार शेजाऱ्याला जेवढी मदत मिळाली, तेवढी तेवढ्याच उत्पन्नाच्या दुकानदाराला मिळत नाही, याचे कारण बहुधा हे असते. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरतात. २०२६-२७च्या अर्जात २०२४चे. ज्यांची मुले आज नववीत आहेत, त्यांनी हे वर्ष वहीत टिपून ठेवावे. आकडे फिरवून मदत मिळविण्याच्या युक्त्याही काही सल्लागार सुचवितात. मदत करणारा विद्यापीठाचा निधी हेदेखील कुणाचे तरी ज्ञानदान आहे, आणि अचौर्य व्रत अर्जाच्या रकान्यांनाही लागू आहे.

याहून स्वस्त वाटाही आहेत. एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज हे जिल्ह्याचे दोन वर्षांचे कॉलेज आहे. शाळेत वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या न्यू जर्सीच्या मुलांना एनजे स्टार्स योजनेतून अशा कॉलेजची शिकवणी माफ होते, आणि तिथली पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. काही वैद्यकीय महाविद्यालये विज्ञानाचे मूळ विषय चार वर्षांच्या विद्यापीठात झालेले पसंत करतात. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने वरच्या वर्गांतील विज्ञानाचे विषय पुढे भक्कम श्रेणीने करावे लागतात. दुसरी वाट सात-आठ वर्षांच्या संयुक्त प्रवेशाची. कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूल यांचा असा सात वर्षांचा क्रम आहे. जागा मोजक्या आहेत, त्यामुळे त्यावर विसंबून बाकीचे अर्ज टाळू नयेत.

महाराष्ट्रातील काही पालक अलीकडे विचारतात की, मुलाला बारावीनंतरच अमेरिकेत पाठवून तिथे डॉक्टर करता येईल का. त्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला अमेरिकेचे सरकारी कर्ज मिळत नाही, आणि तिथली बहुतेक एम.डी. महाविद्यालये नागरिक वा ग्रीन कार्डधारक यांनाच घेतात. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी जी थोडी आहेत, त्यांतील काही चारही वर्षांचे शुल्क आधी ठेव म्हणून मागतात. भारतात बी.एस्सी. करून तिकडे जावे, तर बहुतेक महाविद्यालयांना ठरावीक विषय अमेरिकेत वा कॅनडात केलेले लागतात. इथल्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस करून मग तिकडच्या परीक्षा देऊन रेसिडेन्सीला जाणे, ही जुनी वाटच या घरांना अधिक परवडणारी आहे. तिकडे एच-४ व्हिसावर वाढणाऱ्या मुलांनाही वयाच्या एकविसाव्या वर्षी आश्रिताचा दर्जा सुटतो, याचा विचार विद्यापीठ निवडताना आधी करावा, नावाचा नंतर.

आता जैन घरांतच उठणारा एक प्रश्न. प्राणिविच्छेदन कसे करायचे? न्यू जर्सीच्या शाळांत विद्यार्थ्याला त्याला नकार देण्याचा हक्क कायद्याने आहे. विद्यापीठांत मात्र तो प्रत्येक विभागाच्या धोरणावर अवलंबून असतो. होकार देण्यापूर्वी जीवशास्त्र विभागाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. प्रतिकृती वा संगणकावरील पर्याय पुष्कळ ठिकाणी मान्य होतात. पुढे वैद्यकीय महाविद्यालयांत जिवंत प्राण्यांवर शिकविणे २०१६ सालापर्यंत अमेरिकेत सर्वत्र बंद झाले आहे. तिथे विच्छेदन असते ते देहदानातून आलेल्या मानवी देहाचे.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी या घरातील फोन पाऊण तास चालतो. मुलगा दोन्ही हिशेब वाचून दाखवितो. आजोबा मध्ये एकदाच थांबवितात आणि विचारतात, “आणि पोरीला चार वर्षांनी वकील व्हावंसं वाटलं तर?” मुलगा म्हणतो, “आण्णा, मग एका हिशेबात तिच्या डोक्यावर २७ हजार आणि आमच्या डोक्यावर १ लाख ३३ हजार कर्ज असेल. दुसऱ्यात २४ हजार शिल्लक असतील.” पलीकडे नात ऐकत असते. ती म्हणते, “आजोबा, तिथं माझ्या मैत्रिणी कुणीच नाहीत.” आजोबा लगेच उत्तर देत नाहीत. मग म्हणतात, “बाळ, मी सांगून तू जाऊ नकोस. एकदा तिथं जाऊन दिवसभर बसून ये. मग सांग.”

ती जाते. एक वर्ग बसून पाहते, मार्गदर्शन कार्यालयात प्रश्नांची यादी घेऊन जाते, रुग्णालयाच्या स्वयंसेवक विभागाचा अर्ज घेऊन येते. २९ एप्रिलला ती रटगर्सला होकार कळविते. खासगी विद्यापीठाचे पत्र मात्र फाडत नाही. टेबलाच्या खणात ठेवते.

आजीचा प्रश्न तेवढा शिल्लक राहतो. डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारलाच सूर्य मावळतो आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दुपारी भरून संध्याकाळी सुटते. रात्रिभोजन न करणाऱ्या मुलीने जेवायचे कधी? चार वाजता प्रयोगशाळेबाहेर दहा मिनिटे मिळतील का, आणि डबा ठेवायला जागा आहे का, हे विचारायला ती आईला सांगते. आई म्हणते, सकाळच्या वेळेचा प्रयोगवर्ग मिळतो का ते आधी पाहू. नावनोंदणी सुरू झाली की पहिल्याच दिवशी पाहिले पाहिजे, कारण त्या जागा लवकर भरतात.